अंड्याची ऊब आणि नाईलकाठच्या भट्ट्या

कोंबडीच्या अंड्यातून पिलू बाहेर पडण्यास २१ दिवस लागतात हे आपल्याकडे खेड्यांतील पोरासोरांनाही ठाऊक असते. परंतु त्या २१ दिवसांत अंड्याला मिळणाऱ्या उबेची मर्यादा किती अरुंद आहे, याची जाणीव मात्र ज्याने स्वतः यंत्रात अंडी उबवली आहेत त्यालाच होते. ३७.५ ते ३८ अंश सेल्सियस एवढ्या अर्ध्या अंशाच्या पट्ट्यात गर्भाची वाढ निर्वेध चालते. त्याच्या खाली दीड-दोन अंश तापमान सतत उतरलेले राहिले तर पिले उशिरा, थोडी आणि दुबळी निघतात. ते सतत ४० अंशांच्या आसपास राहिले तर फारच थोडी वाचतात. आणि ४३ अंशांवर जाऊन काही तास तेथे टिकले तर बहुतेक गर्भ कवचाच्या आतच प्राण सोडतात. तापमान अंशांत मोजून दाखविणारे विश्वसनीय साधन अठराव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत जगात कोणापाशीही नव्हते. असे असता मिसर देशात नाईल नदीच्या काठी, त्याआधी दोन हजार वर्षांपासून, कोंबडीच्या पंखांचे साहाय्य न घेता हजारो अंडी एका वेळी उबवण्याचा उद्योग चालू होता, आणि तो चालविणाऱ्या माणसांपैकी एकाचेही नाव विज्ञानाच्या इतिहासात नोंदलेले नाही. त्या माणसांविषयी मला नितांत आदर वाटतो, आणि त्या आदरापोटीच हा लेख लिहीत आहे.

त्यांच्या कामाची थोरवी कळावी म्हणून गर्भ आणि ऊब यांचा संबंध प्रथम थोडा पाहिला पाहिजे. अंडे कोंबडीच्या पोटातून बाहेर येते तेव्हा त्यातील गर्भ सुमारे एक दिवसाचा झालेला असतो. कारण तिच्या शरीराची उष्णता ४१ अंशांच्या जवळपास असून, अंडे तयार होऊन उतरण्यास जे २४-२५ तास लागतात तेवढ्या अवधीत पेशींचे विभाजन आतल्या आत सुरू झालेले असते. बाहेर पडलेले अंडे निवते, वाढ थांबते, पण गर्भ मरत नाही. ज्या तापमानाखाली ही वाढ संपूर्ण थांबते ते २० ते २१ अंशांच्या दरम्यान आहे, असे चार्ल्स लिंकन एडवर्ड्स या अमेरिकन संशोधकाने १९०२ साली दाखवून दिले, आणि शास्त्रज्ञांनी त्या बिंदूला शरीरक्रियेचे शून्य असे नाव दिले. या सुप्तीमुळेच कोंबडी रोज एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते, मग खुडूक होऊन त्यांवर बसते, आणि पहिल्या दिवसाचे व बाराव्या दिवसाचे अंडे जवळजवळ एकाच दिवशी फुटते. अंडे या शून्याच्या खाली असेल तर सुखरूप असते, आणि ३७-३८ अंशांवर असेल तरीही सुखरूप असते. धोका आहे तो मधल्या प्रदेशात. २७-२८ अंशांच्या हवेत पडून राहिलेल्या अंड्यात वाढ सुरू होते पण ती सुसंगत नसते. एक अवयव पुढे सरकतो, दुसरा मागे राहतो, आणि असा गर्भ पुढे उत्तम ऊब मिळूनही बहुधा तडीस जात नाही. आपल्याकडील जाणत्या बायका भर वैशाखात अंडी उबवायला ठेवण्यास नाखूश असतात आणि साठवणीची अंडी घरातील सर्वांत थंड, काळोख्या कोपऱ्यात ठेवतात, त्यामागे हाच न्याय आहे.

आता मिसरकडे वळू. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात मिसरी लोक अंडी उकिरड्यात पुरून उबवतात असे नमूद केले आहे. त्याच ग्रंथात त्याने कोंबडीखालची अंडी दिवसागणिक फोडून पाहिल्यावर काय दिसते तेही सांगितले आहे: तीन दिवस व तीन रात्री लोटल्यावर पांढऱ्या बलकात रक्ताच्या ठिपक्यासारखे हृदय दिसू लागते आणि ते जिवंत प्राण्यासारखे स्पंदन पावते, दहाव्या दिवशी पिलाचे सर्व अवयव ओळखू येतात आणि डोळे फार मोठे असतात. गर्भविज्ञानाचा आरंभ या निरीक्षणापासून धरतात, आणि तो यथार्थ आहे. पुढे ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात डायोडोरसने मिसरी लोकांच्या याच कौशल्याची साश्चर्य नोंद केली. रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो की, सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिने आपल्याला पुत्र होणार की कन्या हे जाणण्यासाठी एक अंडे स्वतःच्या उराशी धरून, स्वतः थकली की दासीच्या उराशी देऊन, ऊब न मोडता उबवले आणि त्यातून नर पिलू निघाले; तो पुत्र म्हणजे पुढे सम्राट झालेला टायबेरियस. शकुनाचा भाग सोडून देऊ. परंतु मानवी शरीराची ऊब अंड्याला पुरते, आणि ती मध्ये तुटता कामा नये, ही दोन्ही निरीक्षणे त्या कथेत बिनचूक आहेत. इसवी सन १२०० च्या सुमारास बगदादचा वैद्य अब्द अल-लतीफ मिसरमध्ये आला, तेव्हा त्याने या भट्ट्यांचे इतके बारकाईने वर्णन केले की त्यावरून कोणासही तशी भट्टी बांधता यावी; आणि या देशात कोंबडीखाली निघालेली पिले क्वचितच आढळतात, असेही त्याने नोंदवून ठेवले.

या भट्टीला तेथे मामल म्हणत. १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एडवर्ड लेन या इंग्रज पंडिताने तिचे जे वर्णन केले आहे त्यावरून आणि इतर प्रवाशांच्या वृत्तांतांवरून तिची रचना डोळ्यांसमोर स्पष्ट उभी राहते. कच्च्या अथवा भाजलेल्या विटांची जाड भिंत, मध्यभागी कमानदार छताचा अरुंद बोळ, आणि बोळाच्या दोन्ही अंगांना लहान लहान कोठड्यांच्या रांगा. प्रत्येक कोठडी नऊ-दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि पाच-सहा फूट उंच. तिच्या डोक्यावर तशीच दुसरी कोठडी, आणि दोहोंना जोडणारे एक भोक. खालच्या कोठडीत चटईवर किंवा पेंढ्यावर अंड्यांचे थर लावीत. वरच्या कोठडीत शेण आणि कुट्टी एकत्र थापून केलेल्या गोवऱ्या धुमसत ठेवीत. गोवरी ज्वाला करीत नाही, मंद आणि दीर्घकाळ जळते, हे आपल्या घरातील दूध तापविणाऱ्या आजीला सांगावे लागत नाही. मिसरच्या भट्टीवाल्यांनी इंधन म्हणून तिचीच निवड केली ती याच गुणामुळे. धूर जाण्यासाठी आणि ऊब कमी करण्यासाठी छताला भोके असत, ती गवताच्या बोळ्यांनी हवी तशी उघडता वा बुजवता येत. बोळात शिरण्याची वाट इतकी लहान असे की माणसाला जवळजवळ सरपटत आत जावे लागे. कारण दार मोठे केले की आतील ऊब बाहेरच्या वाऱ्याच्या स्वाधीन होते.

आत शिरलेला माणूस बहुतेक वेळ उघड्या अंगाने वावरत असे, आणि त्याचे अंग हेच त्याचे तापमापक होते. कोठडीत हात घालून त्याला सर्वसाधारण ऊब कळे; परंतु नेमकी परीक्षा करायची तेव्हा तो मधल्या थरातील एक अंडे उचलून मिटलेल्या पापणीला लावी. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ. श्रमाने घट्टे पडलेल्या तळहातासारखी ती बधिर होत नाही, आणि तिची स्वतःची उष्णता अंड्याला हव्या असलेल्या उष्णतेच्या किंचितच खाली असते. पापणीला अंडे सुखद लागले तर ठीक. चटका जाणवला तर छताची भोके उघडायची आणि अंड्यांची जागा बदलायची. थंड लागले तर निखारा वाढवायचा. ही परीक्षा दिवसातून अनेकदा, रात्रीही, आणि हंगामभर चाले. लेनने स्वच्छ लिहिले आहे की भट्टीचा व्यवस्थापक बालपणापासून या कामात मुरलेला असल्यामुळे त्याला कोणत्याही उपकरणाची गरज पडत नाही. आणि भट्टीतील उष्णता तो १०० ते १०३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ ते ३९.५ अंश सेल्सियस, अशी देतो.

पण या विद्येचे खरे मर्म मला आग पेटविण्यात दिसत नाही, ती काढून घेण्यात दिसते. पहिले सुमारे दहा दिवस वरच्या कोठड्यांत गोवऱ्या जळत. त्यानंतर त्या कोठड्यांतील आग विझवीत, अंड्यांचा काही भाग वरच्या कोठडीत हलवून सैल पसरीत, आणि शेजारच्या ज्या कोठड्यांत नवी अंडी भरली असतील तेथे आग पेटवीत. या कृतीचे शास्त्रीय कारण विसाव्या शतकात पूर्णपणे उलगडले. उबवणीच्या पहिल्या आठवड्यात गर्भ इतका लहान असतो की तो बाहेरून ऊब घेतो, देत काहीच नाही. पण नवव्या-दहाव्या दिवसापासून त्याची स्वतःची चयापचयाची उष्णता जाणवू लागते, आणि अखेरच्या दिवसांत अंडे भोवतालच्या हवेहून एक-दोन अंशांनी उष्ण होते. या टप्प्यावर आगीची ऊब चालूच ठेवली तर अंडी आपल्याच उष्णतेने गुदमरतात. जी पिले निघतात त्यांचे हृदय लहान राहते, पिवळा बलक पोटात पुरता शोषला जात नाही आणि बेंबी उघडी राहते. हे सर्व प्रयोगशाळेच्या तराजूवर सिद्ध होण्याच्या कित्येक शतके आधी मातीच्या बोळात सरपटणाऱ्या माणसाने दहाव्या दिवशी निखारे बाहेर ओढले होते.

एवढे मोलाचे ज्ञान सरकारच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात बेर्मा नावाचे एक गाव होते आणि तेथील कुटुंबांत ही विद्या बापाकडून मुलाकडे जात असे. परक्याला ती शिकवीत नसत. हंगाम आला की बेर्माची माणसे देशभर पांगत आणि गावोगावच्या भट्ट्या चालवीत. पण गाव सोडण्यासाठी त्यांना तेथील अंमलदार आगा याचा परवाना घ्यावा लागे, आणि त्या परवान्याबद्दल रक्कम भरावी लागे, म्हणजे हा हुन्नर आगाच्या महसुलाची एक बाब होऊन बसला होता. भट्टीच्या मालकाशी होणारा करारही मोठा नेमका असे: हवाली केलेल्या अंड्यांच्या दोन-तृतीयांश इतकी पिले भरून देण्याची जबाबदारी बेर्माच्या माणसाची; ४५,००० अंडी दिली तर ३०,००० पिले त्याने द्यायची, आणि त्याहून अधिक निघतील ती त्याच्या हिश्शाची. लेनच्या काळी भट्ट्यांचे बहुतेक व्यवस्थापक कॉप्ट ख्रिस्ती होते, भट्टीमालक सरकारात कर भरीत, आणि शेतकऱ्याने आणून दिलेल्या दर दोन अंड्यांमागे त्याला एक पिलू परत मिळे. मला हा हिशेब न्याय्य वाटतो. कारण वांझ अंडी, वाटेत हिंदकळून बिघडलेली अंडी आणि भट्टीत मेलेली अंडी यांचा तोटा त्यात धरलेला आहे, आणि तरीही कसबी माणसाला आपल्या कौशल्याचे फळ मिळण्यास जागा ठेवलेली आहे.

बेर्माच्या या कराराची हकीकत युरोपला तपशीलवार कळली ती रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १७४९ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून. मिसरमध्ये ३८६ भट्ट्या, सहा महिन्यांच्या हंगामात प्रत्येकीत आठ घाणे, प्रत्येक घाण्यास ३०,००० पिले असे धरून त्याने वर्षाला नऊ कोटींहून अधिक पिलांचा आकडा काढला. प्रत्येक भट्टी दर घाण्यास पूर्ण भरत असेल असे मला वाटत नाही, तेव्हा हा आकडा फुगलेला असावा. परंतु त्यामागची तळमळ खरी होती. आपल्या देशातील शेतकऱ्याच्या घरीही हिवाळ्यात पिले निघावीत, म्हणून या मोठ्या शास्त्रज्ञाने घोड्याच्या लिदीच्या ढिगात पिंपे पुरून त्यांत अंडी ठेवली. आरंभी ती सर्व मेली. उष्णता बरोबर होती, मग अंडी का मरावीत? शोधाअंती त्याला कळले की लिदीतून निघणारी ओलसर वाफ पिंपात शिरून गर्भांना मारते. तेव्हा त्याने ती वाफ आत येणार नाही अशी व्यवस्था केली, आणि पिले निघू लागली. पुढे त्याने पॅरिसमधील एका धार्मिक संस्थेच्या पावभट्टीवरील खोलीतही अंडी उबवली. त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तापमापकावर त्याने ३२ अंशांची खूण कोंबडीची ऊब म्हणून ठरवली. ज्या शेतकऱ्याला तापमापक परवडत नाही त्याच्यासाठी त्याने लोणी आणि चरबी यांचे मिश्रण कुपीत भरून अंड्यांजवळ ठेवण्याची युक्ती सांगितली. ते मिश्रण पाकासारखे घट्टसर वाहते राहिले तर ऊब योग्य, पाण्यासारखे पातळ झाले तर अधिक, आणि गोठले तर कमी. एवढ्या मान्यतेच्या पंडिताने गरीब माणसाच्या खिशाचा असा विचार करावा, हे मला त्याच्या सर्व शोधांहून मोठे वाटते.

रेओम्यूरचे ३२ अंश म्हणजे आजचे ४० अंश सेल्सियस. आणि सतत ४० अंशांवर फार थोडी पिले वाचतात असे मी आरंभी म्हटले आहे. मग रेओम्यूर चुकला, की लेन चुकला? दोघेही चुकले नाहीत. बंद भट्टीत हवा स्थिर असते, उष्ण हवा वर चढते आणि गार हवा तळाशी बसते. अंड्याच्या माथ्याच्या पातळीवर तापमापकात ३९-४० अंश दिसत असतात, तेव्हा अंड्याच्या गाभ्यात त्याहून बरेच कमी असतात. कोंबडीच्या पोटाखालीही अशीच स्थिती असते. पंख्याने हवा खेळती ठेवली की हा भेद मिटतो आणि सर्व अंड्यांना एकच तापमान मिळते. तेथे मग आकडा खाली आणावा लागतो. अमेरिकन कृषिखात्याच्या बॅरट या संशोधकाने १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, खेळत्या हवेत १०० अंश फॅरनहाइट म्हणजे ३७.८ अंश सेल्सियस हे तापमान सर्वोत्तम ठरवले, आणि ते आजही प्रमाण मानले जाते. लेनने नोंदलेल्या पट्ट्याची खालची कड याच अंकावर आहे.

उबेच्या अज्ञानाने थोर माणसेही फसली आहेत. बोलोन्याचा माल्पीगी हा सूक्ष्मदर्शकातून कोंबडीच्या गर्भाचे पहिले उत्कृष्ट चित्रण करणारा वैज्ञानिक. त्याच्या १६७३ सालच्या निबंधात न उबवलेल्या अंड्यातही गर्भाची आकृती दिसल्याचे लिहिलेले आहे, आणि त्यावरून पुढे अनेकांनी असा सिद्धांत उभा केला की प्राण्याचे सर्व अवयव अंड्यात आधीच घडलेले असतात, ते केवळ मोठे होतात. परंतु माल्पीगीने स्वतःच प्रामाणिकपणे नोंदले आहे की ते अंडे ऑगस्ट महिन्यातील, कडक उन्हाळ्यातील होते. कोंबडीने न उबवलेले ते अंडे इटलीच्या उन्हाने थोडेसे उबवले होते! यानंतर दोनशे वर्षांनी फ्रान्समध्ये कामीय दारेस्तने याच मधल्या प्रदेशाचा बुद्धिपुरस्सर अभ्यास केला. अंड्यांना कमी, अधिक आणि विषम ऊब देऊन व्यंगे कशी निर्माण होतात ते त्याने १८७७ च्या आपल्या ग्रंथात मांडले, आणि व्यंग हा दैवी कोप नसून वाढीच्या वेळापत्रकात पडलेला खंड आहे ही जाणीव त्यातून दृढ झाली.

चीनमध्ये हीच विद्या निराळ्या मार्गाने सिद्ध झाली होती. तेथील भेटीवर आधारलेल्या, १९११ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात अमेरिकन कृषितज्ज्ञ किंग याने कोळशाच्या उबेवर चालणाऱ्या उबवणगृहाचे वर्णन केले आहे; तेथील माणूसही तापमापक न वापरता अंड्याचे जाड टोक डोळ्याच्या खोबणीला लावून ऊब पारखीत असे. हजारो कोसांचे अंतर असलेल्या दोन समाजांतील कारागिरांनी अंगावरची एकच जागा निवडावी, यावरून ती निवड किती अचूक होती ते कळते. जुन्या अंड्यांची वाढलेली उष्णता नव्या अंड्यांना देण्याची रीतही पूर्वेकडे जुनीच; अमेरिकेत मात्र निरनिराळ्या वयांची अंडी एका बंद दालनात मांडून त्यांवर पंख्याने हवा खेळविण्याच्या पद्धतीचे पेटंट स्मिथ नावाच्या गृहस्थाने १९१८ साली घेतले, आणि त्यावरचा वाद १९३५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल स्मिथच्या बाजूने लागला. पंखा त्याचा होता हे मान्य; जुन्या अंड्याने नव्याला ऊब द्यावी ही कल्पना मात्र फार जुनी होती.

या सर्व इतिहासातील एक घटना माणसाच्या थेट जिव्हाळ्याची आहे. पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी १८७८ च्या सुमारास तेथील प्राणिउद्यानात कोंबडीची पिले उबवणारे यंत्र पाहिले, आणि अकाली जन्मलेली, थंडीने दगावणारी अर्भके त्यांच्या डोळ्यांसमोर आली. ते यंत्र बनविणाऱ्या ओदिल मार्तें याच्याकडूनच त्यांनी मुलांसाठी तशी पेटी करवून घेतली आणि १८८० साली ती पॅरिसच्या प्रसूतिगृहात बसवली. दोन हजार ग्रॅमहून कमी वजनाच्या अर्भकांचे मृत्यूचे प्रमाण त्या रुग्णालयात ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले. आपल्या जिल्हा रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ज्या काचपेटीत ठेवतात, तिचा पूर्वज कोंबडीच्या पिलांसाठी केलेली ती पेटी होय.

महाराष्ट्रात पुणे, कोल्हापूर, नागपूर येथे सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. आजच्या यंत्रांत अठरा दिवस एका कपाटात आणि शेवटचे तीन दिवस दुसऱ्या कपाटात अंडी ठेवतात, आणि तापमान अंशाच्या दहाव्या भागापर्यंत आपोआप सांभाळले जाते. मिसरमध्येही शेणाच्या गोवऱ्या जाऊन रॉकेलचे दिवे आले. तरी जुन्या धर्तीची काही उबवणगृहे एकविसाव्या शतकात चालू होती, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्यांची पाहणी करून २००९ साली अहवाल काढला. ती नोंद झाली हे फार चांगले झाले. आपल्याकडे मात्र कोणती कोंबडी कोणत्या महिन्यात बसवावी, तिच्याखाली किती अंडी ठेवावीत, ती कशात आणि किती दिवस साठवावीत, कोणते अंडे प्रकाशात धरून बाजूला काढावे, हे ज्यांना ठाऊक आहे अशा बायका कोकणात, मावळात, विदर्भात अजून आहेत, आणि त्यांच्याकडून हे कोणी लिहून घेतलेले माझ्या पाहण्यात नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अथवा गावी अशी एखादी आजी किंवा काकू असेल, त्यांनी येत्या सुट्टीत तिच्याशेजारी बसून हे सर्व तिच्याच शब्दांत वहीत उतरवावे, आणि वहीच्या पहिल्या पानावर तिचे नाव लिहावे.